सेंट पॉलमधील १९२६ सालच्या घराची तपासणी: एक अभिप्राय

गेल्या वर्षी फेब्रुवारीत माझी मुलगी आणि जावई यांनी अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या सेंट पॉल शहरात १९२६ साली बांधलेले लाकडी सांगाड्याचे घर घ्यायचे ठरवले आणि व्यवहार पक्का होण्याआधी एका खासगी निरीक्षकाकडून त्याची तपासणी करून घेतली. मी तेव्हा तिथेच होतो. नोकरीची सारी वर्षे सार्वजनिक बांधकाम विभागात गेल्यामुळे मला राहवले नाही आणि साडेतीन तास मी त्या गृहस्थांच्या मागे माळ्यापासून तळघरापर्यंत फिरलो. शुल्क ५५० डॉलर होते. अमळनेर, चोपडा, भुसावळकडची बरीच मुले आता अशा थंड प्रदेशात जुनी घरे घेतात आणि इकडे आईवडिलांना फोटो पाठवून मत विचारतात, म्हणून या सेवेत काय मिळाले आणि काय मिळाले नाही ते सविस्तर लिहीत आहे.

निरीक्षकाने सुरुवात रस्त्यावरून केली. शेजारच्या घरांच्या छपरांवर बर्फ सारखा पसरलेला होता, या घराच्या आढ्याजवळचा बर्फ मात्र वितळून गेला होता आणि वळचणीला हातभर लांबीचे बर्फाचे सुळके लोंबत होते. मला ते दृश्य सुंदर वाटले, त्याला मात्र तिथेच दोष दिसला. घरातील ऊब छताच्या फटींतून माळ्यावर जाते, छप्पर आतून तापते, वरचा बर्फ वितळतो आणि ते पाणी उतारावरून वळचणीपर्यंत येते. वळचण भिंतीच्या बाहेर असल्याने तिथे खालून ऊब नसते, म्हणून पाणी पुन्हा गोठते आणि त्याचा बांध तयार होतो. या बांधामागे तुंबलेले पाणी शिंगलांच्या, म्हणजे छपरावर एकावर एक बसवलेल्या चपट्या तुकड्यांच्या, खालून उलटे वर चढते व भिंतीत उतरते. आमच्या धाब्याच्या घरात पाणी पावसाळ्यात वरून गळायचे आणि उपाय म्हणजे मृगाआधी पांढऱ्या मातीचा नवा थर. इथे गळती छपराची असली तरी कारण छपराखाली होते, आणि नुसत्या नव्या शिंगलांनी ती थांबली नसती.

माळ्यावर चढल्यावर खिळ्यांची टोके पांढऱ्या हिमाने माखलेली दिसली आणि फळ्यांवर काळी बुरशी. न्हाणीघरातील पंख्याची नळी कोणी तरी छपराबाहेर न काढता माळ्यातच सोडून दिली होती. थंड प्रदेशातील घरात अंघोळ, स्वयंपाक, अगदी माणसांचा श्वास यांतली वाफ हिवाळाभर कोंडलेली असते आणि पहिल्या थंड पृष्ठभागावर तिचे पाणी होते. कुकरच्या चार शिट्ट्या, आधणाचा टोप आणि दोरीवर वाळत टाकलेली धुणी अशी आपली रीत तिथे नेणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. आमच्या सौभाग्यवतींनी ते ऐकून घेतले, पटले की नाही ते माहीत नाही.

त्याच माळ्यावर तुळयांच्या मध्ये चकचकीत तपकिरी खड्यांचा थर होता. हे व्हर्मिक्युलाइट, म्हणजे घरातली ऊब राखायला (इन्सुलेशन म्हणून) पसरतात ते खनिज. अमेरिकेत विकला गेलेला हा माल बहुतांश मोंटाना राज्यातील लिबी येथील खाणीतून आलेला होता. १९९० साली बंद झालेल्या त्या खाणीत फुप्फुसांना घातक अशा अ‍ॅस्बेस्टॉसच्या तंतूंची मिसळ होती. निरीक्षकाने थराला हात लावला नाही, आम्हालाही लावू दिला नाही आणि परवानाधारक माणसाकडूनच तो काढून घ्यावा असे लेखी दिले. त्याच थराखाली चिनी मातीच्या चकत्यांवरून ताणलेली जुनी वायरिंग दडलेली होती. ही वायर मोकळ्या हवेत थंड राहावी या हिशेबाने बसवलेली असते. तिच्यावर इन्सुलेशन टाकले की ती तापते, शिवाय तिला अर्थिंग नसते आणि अनेक विमा कंपन्या अशा घराला विमा देत नाहीत.

तळघराचा भाग मला सर्वात जवळचा वाटला. तापीकाठच्या काळ्या मातीने भिंती कशा फाटतात हे आपण पाहत आलो आहोत: पावसात माती फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. तिथे तेच काम थंडी करते. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगते, आणि गोठणारी माती खालची ओल वर ओढून बर्फाचे थर वाढवत नेते. म्हणून त्या भागात पाया किमान ४२ इंच खोल घेण्याचा नियम आहे. राज्याच्या उत्तर भागात ६० इंच. मुख्य घर ठीक होते, पण पुढची पडवी उथळ पायावर असल्याने तिचे खांब कलले होते. तळघराच्या काँक्रीट ब्लॉकच्या भिंतीत एक आडवी भेग होती. पायऱ्यापायऱ्यांची भेग बहुधा पाया खचल्याची, तर आडवी भेग बाहेरच्या मातीच्या दाबाची, असे निरीक्षकाने सांगितले आणि भिंतीला पट्टी लावून ती पाऊण इंच आत झुकल्याचे दाखवले. खाली लोणा लागला होता. कारण पुन्हा साधेच निघाले: पन्हळीचे पाणी भिंतीच्या बुडाशीच पडत होते.

फर्नेस (घर उबदार ठेवणारी भट्टी), खिडक्यांवरचा शिशाचा रंग (१९७८ पूर्वीच्या घरांत तो गृहीतच धरावा) आणि बाहेरच्या भिंतीतून जाणारा, गोठून फुटू शकेल असा स्वयंपाकघराचा नळ यांची नोंद व्यवस्थित होती.

आता उणिवा. छपरावर बर्फ असल्याने शिंगलांची तपासणी झालीच नाही, आणि बाहेर थंडी असल्याने वातानुकूलन यंत्रही चालवून पाहिले नाही. दोन्ही कारणे रास्त आहेत, पण शुल्क ठरवताना ती कोणी सांगितली नव्हती. जमिनीतून घरात झिरपणाऱ्या किरणोत्सर्गी रेडॉन वायूची चाचणी वेगळ्या पैशांची निघाली. मिनेसोटात दर ५ घरांपैकी सुमारे २ घरांत हा वायू धोक्याच्या पातळीवर आढळतो, त्यामुळे ती चाचणी मुळातच समाविष्ट असायला हवी. ६२ पानी अहवालात निम्मा मजकूर ठराविक होता आणि ‘योग्य तज्ज्ञाकडून तपासून घ्यावे’ हे वाक्य इतक्या वेळा येते की तातडीचे काय आणि सवडीचे काय ते वाचणाऱ्याला कळत नाही. माझ्यासमोर तोंडी सांगितलेले कारणांचे धागे कागदावर तुटक झाले. जो घरमालक तपासणीला हजर राहणार नाही, त्याचे निम्मे पैसे वाया जातील.

विक्रेत्याने दाखवलेला महापालिकेच्या नियमानुसारचा अहवाल या खासगी तपासणीला पर्याय नाही. त्यात माळ्यावरच्या हिमाचा उल्लेखही नव्हता. मिनेसोटात गृहनिरीक्षकांसाठी राज्याचा परवाना नाही, तेव्हा त्यांचा एखादा जुना अहवाल मागून वाचल्याशिवाय कोणाला नेमू नये. शक्य असेल तर तपासणी पहिल्या बर्फाआधी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये करावी.

वायरिंग आणि पन्हळीचा खर्च विक्रेत्याने किमतीतून वजा केला, आणि तो शुल्काच्या कितीतरी पट होता. सांडपाण्याच्या नळीत कॅमेरा घालून पाहणे मात्र या सेवेत नव्हते आणि आम्हीही ते सुचवले नाही. मे महिन्यात तळघरात पाणी उलटे आल्यावर तो घातला, तेव्हा भाजक्या मातीच्या त्या जुन्या नळीत समोरच्या झाडाची मुळे वाढलेली दिसली.