राजदूत ३५० साठी 'जपानी डिस्क सेट' घेताय? आधी टी उघडी करून बघा

राजदूत ३५० चालवणाऱ्यांना पुढच्या ब्रेकचं दुखणं सांगायला नको. एस्कॉर्ट्सने १९८३ मध्ये यामाहाची आरडी ३५० ही मोटरसायकल राजदूत ३५० या नावाने इथे आणली तेव्हा जपानी गाडीला असलेली पुढची डिस्क काढून ड्रम बसवला. हाय टॉर्क या जास्त ताकदीच्या मॉडेलला ३०.५ बीएचपी ताकद, आणि ती आवरायला ड्रम. आंबा घाट उतरताना तो तापतो, फुगतो, शू (ड्रमला आतून घासणारे ब्रेकचे तुकडे) आणि ड्रममधली फट वाढते आणि लिव्हर पार ग्रिपला टेकायला येतो. मागे बायको बसलेली असताना हे अनुभवलं आणि पुढे डिस्क टाकायची ठरवली.

जुन्या गाड्यांचे पार्ट विकणाऱ्या एका दुकानदाराकडे पूर्ण सेट असल्याचं कळलं. त्याचं गॅरेजही आहे, गिऱ्हाईकही भरपूर. नाव इथे लिहीत नाही, कारण प्रकरण चालू आहे. "आरडीचाच सेट आहे, जपानवरून आलेला. फक्त क्रोम नवीन केलंय, बाकी हात लावलेला नाही," असं त्याने फोनवर सांगितलं, व्हिडिओ पाठवला. शॉकअप, टी (दोन्ही शॉकअप धरणारा भाग, याच्या दांड्यावर हँडल वळतं), डिस्क, कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग), मास्टर सिलेंडर (लिव्हरजवळचा, ब्रेक ऑइल ढकलणारा) सगळं मिळून अठ्ठेचाळीस हजार. पैसे यूपीआयने दिले. सामान ट्रान्सपोर्टने आलं, सोबत साध्या चिठ्ठीवर 'जुने पार्ट' एवढंच लिहिलेलं.

सेट दिसायला नवा कोरा. पण बसवताना खालचा बॉल रेसर (दांडा फिरतो ती बेअरिंगची कडी) टीच्या दांड्यावर नीट बसेना. आमच्या लेथवाल्या काकांनी दांड्यावरचा काळा रंग पॉलिश पेपरने घासला, आणि मधोमध वेगळ्या रंगाचं गोल कडं दिसलं. वेल्डिंग. दुसऱ्याच कुठल्यातरी गाडीची टी, दांडा आखूड पडत होता म्हणून कापून तुकडा जोडलेला, ग्राइंडरने सपाट केलेला, वरून जाड रंग. वेल्डिंगमध्ये टाचणी जाईल अशी भोकंसुद्धा होती.

ज्यांना यातलं गांभीर्य लक्षात येत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. पुढचा ब्रेक दाबला की चाक मागे ढकललं जातं आणि तो सगळा जोर या एका दांड्यावर येतो. डिस्क लावल्यावर तर आणखीच. तो तुटला तर पुढचं चाक शॉकअपसकट गाडीपासून वेगळं होतं. दांड्याची लांबी जुळत नसेल तर योग्य रीत म्हणजे जुना दांडा प्रेसवर काढायचा आणि ईएन २४ सारख्या चांगल्या पोलादाच्या सळईतून अख्खा नवा लेथवर फिरवून बसवायचा. हे काम करणारे लोक आपल्याकडे आहेत. हे त्या माणसालाही ठाऊक असणार, त्याचा धंदाच तो आहे.

मग काकांनी बाकीचंही उघडलं. शॉकअपचे पाईप जाड काचेवर लोळवले, तर एकाच्या खालून उजेड आत-बाहेर होत होता. वाकलेला पाईप सरळ करून त्यावर क्रोम चढवलेलं. नख फिरवलं की गंजाचे खड्डे लागत होते. हे खड्डे ऑइल सील फाडतात आणि गळलेलं ऑइल थेट डिस्कवर आणि ब्रेक पॅडवर उतरतं. आत शॉकअपच्या ऑइलऐवजी गिअर ऑइलसारखं घट्ट, काळं काहीतरी भरलेलं. हाताने दाबल्यावर शॉकअप टणक लागावा म्हणूनच ते भरलं होतं, आतलं डॅम्पिंग, म्हणजे उसळी आवरण्याची ताकद, संपलेलं.

डिस्क साध्या पत्र्यातून कापलेली. चांगल्या डिस्कवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो, तो नव्हता. पाणी मारून ठेवली तर सकाळी तांबडी. मास्टर सिलेंडर एका गाडीचा, कॅलिपर दुसऱ्याचा. मास्टरचा पिस्टन कॅलिपरच्या मानाने मोठा असला की लिव्हर दगडासारखा घट्ट लागतो, माणसाला वाटतं ब्रेक जबरदस्त आहे, आणि गाडी मात्र थांबत नाही.

फोन केला तर आधी "जुन्या गाडीचं असंच असतं" म्हणाला. वेल्डिंगचे फोटो पाठवल्यावर सूर बदलला: "सामान परत पाठवा, निम्मे पैसे देतो." मी सामान पाठवलेलं नाही. तो पुन्हा रंग मारून दुसऱ्याच्या गाडीला तीच टी लावेल, याची मला खात्री आहे. शिवाय पुरावा माझ्याकडेच राहायला हवा.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली, रजिस्टर्ड पोस्टाने नोटीस पाठवली आणि आता जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केला आहे. दुकानदार परगावचा असला तरी २०१९ च्या कायद्याने आपण राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते, मुदत दोन वर्षांची, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. पक्कं बिल नसेल तर यूपीआयची नोंद, चॅट, त्याने पाठवलेला व्हिडिओ हे सगळं जपा. लेथवाल्या काकांनी काय सापडलं ते सही करून लिहून दिलं, त्याचा फार आधार झाला. अर्थात हा मार्ग धंदा करणाऱ्या विक्रेत्याविरुद्धच. कुणा हौशी माणसाकडून खाजगीत घेतलं तर ग्राहक कायदा लागू होत नाही.

गाडीवर सध्या मूळचा ड्रमच आहे. ड्रम लेथवर फिरवून घेतला, नवे लायनर चिकटवले, केबल बदलली आणि दोन्ही शू एकाच वेळी टेकतील असा मधला रॉड सेट केला. ही शेवटची गोष्ट बहुतेक मिस्त्री करतच नाहीत आणि ब्रेक अर्धाच लागतो. घाटात अजून सांभाळूनच उतरावं लागतं, पण फरक खूप आहे.

त्या दुकानदाराच्या व्हिडिओत मागच्या रॅकवर असेच काळ्या रंगाचे आणखी सेट ठेवलेले दिसतात. कुणाला असा सेट दाखवला तर पैसे देण्याआधी टीच्या दांड्यावरचा रंग घासून काढलेला फोटो मागा, दोन्ही रेसरच्या मधल्या भागाचा, चारही बाजूंनी. मी नंतर दुसऱ्या नंबरवरून नेमका तोच फोटो मागितला, तेव्हा त्याने सेट विकला गेल्याचं सांगितलं.