क्लासिक 350 : अकरा महिने, 12,600 किलोमीटर आणि माळ्यावरची गोणी

आमच्या माळ्यावर युरियाची एक गोणी आहे. तिच्यात सध्या एक सीट कव्हर, एक टाकीचं कव्हर, फोमच्या जाडजूड ग्रिपची जोडी, एक मोबाईल होल्डर, एका कोपऱ्यात वितळलेली रेक्झिनची सॅडल बॅग आणि वायरचं भेंडोळं आहे. सगळा मिळून साडेआठ हजारांचा माल. नव्या गाडीला हौसेने लावलेला आणि नंतर गुपचूप काढलेला.

गाडी रॉयल एनफिल्डची क्लासिक 350, हॅल्सियन मॉडेल, स्पोकची चाकं. 2023 च्या दसऱ्याला घेतली. रोज सातारा ते कोरेगाव जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर, रविवारी कास किंवा ठोसेघर, आणि वर्षातून दोन वेळा कणकवलीकडे सासुरवाडी. गाडीबद्दल सगळ्यांनी भरपूर लिहून ठेवलंय, त्यामुळे 349 सीसी आणि 20.2 बीएचपीचं पुराण पुन्हा लावत नाही. हे फक्त तिच्या अंगावर चढवलेल्या दागिन्यांबद्दल.

दसऱ्याच्या दिवशी शोरूममध्ये काय अवस्था असते ते घेणाऱ्याला माहीत. पुढे चार गाड्या हार घालून उभ्या, घरचे पेढ्यांचा पुडा घेऊन ताटकळलेले, मुहूर्त टळतोय म्हणून आई घड्याळाकडे बघतेय. नेमका त्या वेळी काउंटरवरचा मुलगा अॅक्सेसरीचा कागद पुढे सरकवतो. "सर, लेग गार्ड तर लागतोच. सगळे घेतात." सव्वादोन लाख मोजून झाल्यावर अठराशे रुपये म्हणजे चिल्लर वाटते. पाच मिनिटांत मी लेग गार्ड, संप गार्ड (इंजिनच्या पोटाखालचा पत्रा), सीट कव्हर, टाकीचं कव्हर, ग्रिप आणि बॅकरेस्ट एवढ्यावर सही केली होती. गाडी अजून दहा फूटही चालवली नव्हती.

टाकीचं कव्हर पहिल्या धुण्याला काढलं. खाली धूळ साचून बसली होती, आणि कव्हर हलेल तशी ती रंगावर घासत होती. उन्हात तिरपं बघितलं की टाकीवर आजही बारीक जाळी दिसते. ज्याने रंग वाचवायचा त्यानेच तो घासला. सीट कव्हरचा गुन्हा कमी, ते फक्त पावसाचं पाणी धरून ठेवायचं आणि ऑफिसात पोचलो की पँटच्या मागे नकाशा उमटायचा. ग्रिप मात्र धोक्याच्या निघाल्या. फोम जाड असल्याने उजव्या हाताची ग्रिप आतल्या कडेला घासायची आणि अॅक्सिलेटर सोडला तरी पटकन मागे यायचा नाही. पोवई नाक्यावर एकदा पुढच्या रिक्षाला टेकता टेकता राहिलो. त्याच संध्याकाळी ब्लेडने कापून काढल्या.

लेग गार्डबद्दल मात्र काउंटरवरचा मुलगा खरं बोलत होता. जानेवारीत आमच्याच गल्लीच्या तोंडाशी बांधकामाच्या खडीवर पुढचं चाक सरकलं आणि गाडी उजव्या अंगावर आडवी झाली. वेग असेल दहाचा. 195 किलोचं धूड पडलं ते गार्डवर. टाकी, सायलेन्सर, माझी नडगी, सगळं शाबूत. गार्डवर रुपयाएवढा ओरखडा. पण त्याचं काम एवढंच, उभ्या-चालत्या पडण्यापुरतं. वेगात धडकलं की हाच पाइप वाकून पायावर येऊ शकतो, शिवाय तो फ्रेमला बोल्टने जखडलेला, म्हणजे मार थेट फ्रेमला. म्हणून चौफेर पसरलेला अवजड गार्ड घेऊ नका. मी आधी तसाच घेतला होता, तो पार्किंगमध्ये शेजारच्या स्कूटरच्या ब्रेकमध्ये अडकायचा. पैसे भरून आटोपशीर बदलून घेतला.

संप गार्ड घेताना एकच बघायचं: ऑइल काढायच्या बोल्टसमोर भोक आहे की नाही. माझ्याला नाही. दर ऑइल बदलाला पत्रा उतरवावा लागतो आणि मिस्त्री दर वेळी तोच शेरा मारतो. तरी ठेवलाय, कारण मागे बायको आणि सामान असलं की गावातल्या हौशी स्पीडब्रेकरना पोट टेकतं. पत्र्यावरचे व्रण मोजले तर सात भरले.

आता लाइट. यावर जरा जास्त लिहितो, कारण अक्कलखाती सगळ्यात मोठी रक्कम इथेच जमा आहे.

नोव्हेंबरात कारखाने सुरू झाले की कोरेगाव रस्ता ऊसवाल्यांचा. एक ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या, शेवटच्या ट्रॉलीला ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर, वर उसाची टिपरी दोन्ही बाजूंना फूट-फूट बाहेर. साडेसातच्या अंधारात, समोरून येणाऱ्याच्या अपरने डोळे दिपलेले असताना, अशीच एक ट्रॉली मला अगदी जवळ गेल्यावर दिसली. पाचट खांद्याला घासून गेलं. माझ्या गाडीत हॅलोजन आहे, 60/55 वॅटचा. साध्या रस्त्याला पुरतो, उसाच्या हंगामात नाही. पुढच्याच रविवारी एका दुकानात जाऊन 40 वॅटचे दोन एलईडी फॉग लाइट बसवून घेतले. लाइटचे 2,800 आणि मजुरीचे 200.

त्या दोनशेत काय मिळालं ते फेब्रुवारीत कळलं. पोराने बॅटरीवरून सरळ वायर ओढली होती. चावीचा संबंध नाही, रिले (छोट्या इशाऱ्यावर मोठा करंट चालू-बंद करणारा खटका) नाही, फ्यूज नाही, जोडावर काळी टेप. एका संध्याकाळी किल्ली काढली आणि लाइट तसेच राहिले. हिशेब सोपा आहे: दोन्ही मिळून 80 वॅट, म्हणजे साडेसहा अँपिअरच्या आसपास, आणि बॅटरी 8 अँपिअर-अवरची. लग्नातलं जेवण उरकून बाहेर आलो तर हॉर्नसुद्धा कण्हत होता. या गाडीला किक नाही. सूट घातलेल्या दोन मेहुण्यांनी ढकलली. महिनाभराने टेपचा जोड धुण्यात सैल झाला आणि हेडलाइटच मिचमिचायला लागला, कारण स्विचची वायर त्याच्याच वायरिंगला टोचलेली. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी कापलेलं वायरिंग बघून वॉरंटीचं नाव काढू नका म्हणून सांगितलं. त्यांचं चुकलं म्हणता येत नाही.

शेवटी आमच्या जुन्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी सीट काढली, क्षणभर बघितलं आणि म्हणाले, "साहेब, हे कुणी जोडलंय? बॅटरीच्या उरावर बसलंय की." मग सगळं उपसून नव्याने केलं: बॅटरीवरून 15 अँपिअरचा फ्यूज, तिथून रिले, रिलेतून लाइट, आणि रिलेला इशारा पार्किंग लाइटच्या वायरचा, तोही वायर कापून नाही, कपलरच्या तयार जोडातून. किल्ली काढली की लाइट मेले. 650 रुपये. हे पहिल्या दिवशी करून घेतलं असतं तर गोणीतलं वायरचं भेंडोळं तिथे नसतं.

लाइटचा कोन आम्ही घरीच लावला. गाडी कंपाउंडच्या भिंतीपासून पंचवीस फुटांवर उभी केली, वर मी बसलो, मुलाने भिंतीवर लाइटच्या उंचीएवढी खडूची रेघ मारली आणि प्रकाशाची वरची कड त्या रेघेच्या चार बोटं खाली येईपर्यंत बोल्ट ढिले-घट्ट केले. हे न करता फिरणारे समोरच्याला आंधळं करतात आणि वर त्यालाच शिव्या घालतात. समोरून वाहन आलं की माझा अंगठा आपोआप स्विचवर जातो, तो स्विच त्यासाठीच डाव्या मुठीशी घेतलाय. पिवळी काच साठ रुपयांना मिळाली. जुलैत यवतेश्वरचा घाट चढताना पांढरा प्रकाश धुक्यावर आपटून परत डोळ्यांत यायचा. पिवळ्या काचेने आणि खाली वळवलेल्या कोनाने रस्त्याची कडेची पट्टी तरी दिसायला लागली. हेडलाइटच्या हॅलोजनच्या जागी एलईडी बल्ब खोचायचा सल्लाही मिळाला होता. तो रिफ्लेक्टर हॅलोजनच्या तारेसाठी घडवलेला आहे, त्यात दुसरं काही घातलं की उजेड कुठेही उधळतो. नाही घातला.

मोबाईल होल्डरची गोष्ट छोटी आणि महाग. चार महिन्यांनी फोनचा कॅमेरा गुरगुरायला लागला, फोटोतला माणूस पाण्यात दिसावा तसा हलायचा. कॅमेऱ्यातली फोटो स्थिर ठेवणारी यंत्रणा मोटरसायकलच्या थरथरीने बिघडू शकते, हे अॅपलने 2021 मध्येच जाहीरपणे सांगून ठेवलंय. माझा फोन दुसऱ्या कुणाचा, पण व्याधी तीच. आता रबरी डॅम्परवाला होल्डर आहे, त्यात जुना फोन लावतो. नवा खिशात. चार्जिंगचा यूएसबी पोर्ट गाडीला मुळातच आहे, त्यासाठी वेगळा खर्च करू नका.

सायलेन्सर बदलला नाही. मित्राने बदललाय, तो गल्लीत शिरला की आमच्याकडची सगळी कुत्री एकदम उठतात आणि तो पोलीस दिसला की इंजिन बंद करून गाडी ढकलतो. ज्या आवाजासाठी बारा हजार घातले तो आवाज चौकात बंद ठेवायचा, हे मला जमणार नाही.

ज्या खर्चाचं कुणी कौतुक करत नाही ते तीन. पुढच्या मडगार्डचा लांब मडफ्लॅप, 120 रुपये. तो लावल्यापासून इंजिनवर चिखलाची पुटं चढत नाहीत. दुसरा, नीट हेल्मेट. गाडीसोबत मिळालेलं हेल्मेट भाजी आणायच्या कामाचं. आयएसआय मार्क असलेलं, 5,500 चं घेतलं, दुकानात दहा मिनिटं डोक्यावर ठेवून. गाल दाबले गेले पाहिजेत आणि हेल्मेट हाताने हलवलं की गालाची कातडी सोबत हलली पाहिजे. नुसतं आत गोल फिरत असेल तर एक माप खाली या. काचेच्या आत वाफ न धरणारी फिल्म आहे, पावसाळ्यात तिचे पैसे वसूल. तिसरा, नीट रेनकोट. आधी सातशेचा घेतला होता, तो बरोबर बसायच्या जागी शिवणीतून गळायचा. पुढे काय होतं ते सांगायला नको.

आणि यंदाचा गणपतीचा प्रवास. 6 सप्टेंबर, कोल्हापूर–राधानगरी–दाजीपूर–फोंडाघाट, पाऊस धरलेला. सॅडल बॅग होती, पण तिला सायलेन्सरपासून लांब धरणारा लोखंडी स्टे मी नऊशे रुपये वाचवायला घेतला नव्हता. राधानगरी मागे पडल्यावर मागून आवाज आला, "अहो, काहीतरी करपतंय." क्लच असेल म्हणून मी दोन किलोमीटर तसाच गेलो. थांबून बघितलं तर उजवीकडची बॅग ओली होऊन जड झालेली, लोंबून सायलेन्सरवर टेकलेली आणि कोपरा वितळून त्यालाच चिकटलेला. त्या कोपऱ्यात सासऱ्यांसाठी घेतलेले साताऱ्याचे कंदी पेढे होते. मुळात भाजलेलेच असतात. हे दुसऱ्यांदा भाजले गेले.

घाट उतरून गेलो आणि मागचं चाक डगमगायला लागलं. मी ऐटीत डिकीतून पंक्चर किट काढलं. साडेतीनशेचं, दहा महिने सोबत फिरवलेलं, ट्यूबलेसचं. स्पोकच्या चाकात ट्यूब असते हे गाडीच्या मालकाला त्या क्षणी आठवलं. ढकलत एका पंक्चरवाल्या काकांकडे आणली. त्यांनी चाक खोललं, ट्यूब बाहेर ओढली आणि व्हॉल्व्ह माझ्यासमोर धरला. मुळापाशी फाटला होता. हवा कमी असली की टायर रिमवर सरकतो आणि व्हॉल्व्ह ओढला जातो. त्याला ठिगळ लागत नाही. "तुमच्याकडे ट्यूब आसा काय? नाय तर उद्या सकाळपर्यंत बसा हयच." मेहुणा कणकवलीहून 18 इंची ट्यूब घेऊन येईपर्यंत दीड तास मी, बायको आणि भाजलेले पेढे त्यांच्या बाकड्यावर. काकांनी एक खाल्ला आणि बरा आसा म्हणाले.

हवा कमी कशी, हे घरी आल्यावर कळलं. टायरमधल्या हवेचा दाब मोजणारा चारशे रुपयांचा गेज घेऊन नेहमीच्या पंपावरची हवा तपासली, तर तिथल्या काट्यात आणि माझ्या गेजमध्ये सहा पीएसआयचा फरक. आता गेज, मागची एक ट्यूब, दोन टायर लिव्हर आणि बॅटरीवरचा छोटा पंप सीटखाली नाहीतर नव्या बॅगेत असतो. स्टेसुद्धा घेतला. जड सामान डावीकडे, कारण सायलेन्सर उजवीकडे.

सगळं मिळून आतापर्यंत अठ्ठावीस हजार गेले. विमा नूतनीकरणाला लाइट आणि इतर जोडण्या पॉलिसीत वेगळ्या नोंदवून घेतल्या, न नोंदवलेल्या वस्तूची भरपाई मागता येत नाही. बॅकरेस्ट टिकलाय. मला तो अजिबात आवडत नाही, गाडीची मागची रेघ बिघडवतो आणि बायकोचा पाय उतरताना अडकतो. पण पाठ टेकून बसणारा मी नाही, त्यामुळे माझं मत विचारात घेतलेलं नाही.

आता प्रश्न अलॉय चाकांचा. बसवली तर ट्यूबलेस टायर, पंक्चरला पाच मिनिटं, आणि माझं ते साडेतीनशेचं किटही सार्थकी लागेल. पण स्पोक काढले तर ही गाडी घेतलीच कशाला, असं एक मन म्हणतं. बायकोचं म्हणणं, त्या बाकड्यावर दीड तास बसलेल्या माणसाने दिसण्याबद्दल बोलू नये. मागच्या टायरमध्ये अजून पाचेक हजार किलोमीटर आहेत. तोवर मी विषय काढत नाही.