'स्ट्रे' बघितली आणि आमचा भुऱ्या नेमका कुणाचा हा प्रश्न पडला

धुळ्याचा मे महिना म्हणजे काय ते इकडच्यांना सांगायला नको, त्यात परवा रविवारी आठला लाईट गेली ती साडेनऊला आली, तोवर सगळी गल्ली ओट्यावर, आणि मग झोप कुणालाच येईना म्हणून भावाने टीव्हीवर 'स्ट्रे' लावली. २०२० सालची डॉक्युमेंटरी, एलिझाबेथ लो नावाच्या बाईने केलेली, इस्तंबूलच्या रस्त्यावरच्या कुत्र्यांवर. बाबा लगेच म्हणाले, कुत्रेच बघायचे तर दार उघड ना, आपल्या गल्लीत सात आहेत.

पण बसले. आणि आई, जी सिरीयल सोडून काही बघत नाही, ती पण शेवटपर्यंत बसली. ७२ मिनिटांचीच आहे तशी.

स्टोरी म्हणावी तर काहीच नाही. झेतिन नावाची एक पिवळसर कुत्री आहे (तुर्कीत झेतिन म्हणजे ऑलिव्ह), ती शहरभर फिरते आणि कॅमेरा तिच्या मागे मागे, तो पण तिच्या उंचीवरून. म्हणजे माणसं बऱ्याचदा गुडघ्यापर्यंतच दिसतात आणि त्यांचं बोलणं वरून कानावर पडत राहतं, कुणाचं नवरा-बायकोचं वाजलेलं, कुणी राजकारण काढून बसलंय, आणि ही आपली बाजूला बसून खाजवतेय. मागून कुणी समजावून सांगणारा आवाज नाही, रडवणारी पियानोची धून नाही. पहिली दहा मिनिटं मला पण वाटलं की काय बघतोय आपण, मग एका जागी कचऱ्याची गाडी येते, कामगार हाडकं टाकतात, त्यावरून कुत्र्यांची जुंपते, आणि आई एकदम ओरडली, "माय वं, हाई ते आपला भुऱ्याच शे!"

आता भुऱ्या कोण ते सांगते. देवपूरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी असतो, एक कान फाटका. आमच्याकडे तो भुऱ्या, समोरच्या रिटायर सरांकडे राजा, आणि कोपऱ्यावरचा भुर्जीवाला त्याला पार्टनर म्हणतो. तिन्ही नावांना शेपूट हलवतो. आई रोज रात्री शेवटची भाकरी त्याच्यासाठी वेगळी ठेवते, कधी शेवभाजीचा रस्सा उरला तर त्यात कुस्करून, मी कितीदा सांगितलं की एवढं तिखट कुत्र्याला देऊ नको, तर म्हणते खान्देशातला आहे तो, त्याला काय होतंय. आणि आम्ही सगळे 'आपला भुऱ्या' म्हणतो पण लस कुणी टोचून आणली विचाराल तर सगळे एकमेकांकडे बघतील. पिक्चरमध्ये नेमकं हेच दिसतं, झेतिनला जाता-येता लाडाने बोलणारे ढीगभर, हाकलणारे पण आहेत, आणि ती कुणाचीच नाही.

सगळ्यात भारी भाग सिरियातून पळून आलेल्या पोरांचा. पडक्या इमारतीत झोपतात, सोल्युशन हुंगतात, बसस्टँडवर आपणही अशी पोरं बघतो आणि नजर वळवून पुढे जातो. ती पोरं रात्री कुत्र्यांना चिकटून झोपतात. एक काळं-पांढरं पिल्लू पण उचलून आणतात, तिथे मला कळेना की हसावं की काय करावं, कारण स्वतःला खायला नाही आणि त्याला कवटाळून बसलेत. त्यांना तिथून पण हुसकावतात. म्हणजे कुत्र्याला त्या शहरात जागा आहे आणि या पोरांना नाही, हे कुणी तोंडाने बोलत नाही, नुसतं दिसत राहतं.

बायकांचा मोर्चा चाललेला असतो आणि ऐन मधोमध कुत्र्यांचं भलतंच सुरू होतं, तिथे आईने पदर तोंडाला लावला आणि बाबा पाणी प्यायला उठले. फॅमिलीसोबत बघणाऱ्यांनी तयारीत राहा.

सुरुवातीला थोडा इतिहास येतो पाट्यांवर, तो अजून जास्त हवा होता. मी नंतर वाचलं, १९१० साली तिथल्या सरकारने हजारो कुत्री होड्यांत भरून एका उजाड बेटावर नेऊन सोडली, ना पाणी ना अन्न, भुकेने मेली बिचारी. मग पुष्कळ वर्षांनी २००४ ला कायदा झाला की नसबंदी करा, लस टोचा आणि जिथून उचललं तिथेच परत सोडा. पिक्चर त्याच काळातला आहे, म्हणून झेतिन अशी बिनधास्त हिंडते. २०२४ मध्ये तो कायदा बदलला, आता भटकी कुत्री पकडून शेल्टरमध्ये ठेवायची. हे माहीत असताना तिला ट्रॅफिकमधून रस्ता ओलांडताना बघणं वेगळंच वाटतं. बाबांना अर्थातच आपलं सुप्रीम कोर्ट आठवलं, ऑगस्ट २०२५ ला आधी दिल्लीतली सगळी उचला म्हणाले, अकराव्या दिवशी सुधारून नसबंदी-लस करून परत सोडा, पिसाळलेली आणि अंगावर येणारी सोडून. त्यावरून भाऊ आणि बाबा असे भांडले की पाच मिनिटं पिक्चर पॉजवर.

आता तक्रार. चावलेल्या माणसाची बाजू यात नाहीच. मला तीन वर्षांपूर्वी रात्री गाडीवरून येताना पोटरीला चावलं होतं, आमच्याच गल्लीतलं, पाच इंजेक्शनं घेतली, ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी, आणि पहिल्या दिवशी दवाखान्यात लस संपलेली म्हणून उन्हात दुसरीकडे पळावं लागलं. त्यामुळे कुत्र्याच्या डोळ्यांत बघून कितीही गहिवरून आलं तरी पोटरी आठवतेच. मध्ये मध्ये डायोजिनिस नावाच्या ग्रीक तत्त्वज्ञाची वाक्यं येतात, ती पण नसती तरी चाललं असतं, कुत्री स्वतःच पुरेसं बोलतात. आणि सबटायटल बारीक, त्यामुळे आईला मीच वाचून दाखवत होते, कूलरच्या आवाजात घसा बसला.

शेवटी अजान सुरू होते आणि झेतिन मान वर करून त्या सुरात सूर मिसळते. लांबच लांब. आमच्याकडे एकविरेच्या आरतीला नदीकाठची कुत्री हेच करतात, आई म्हणाली, आणि मग बराच वेळ कुणी टीव्ही बंद करायला उठलं नाही.

पाचपैकी चार देते. साडेअकराला आई भाकरी घेऊन बाहेर गेली, आज जरा जास्तच प्रेमाने, तूप लावून. भुऱ्याने हुंगली, आईकडे बघितलं आणि जाऊन सरांच्या गेटसमोर आडवा झाला. भुर्जीवाल्याकडे जेवण झालं होतं त्याचं.