दापोलीच्या थंडीत घोडीवरचा पिवळा कोट

कोकणात कोट कशाला, हा प्रश्न मला घरातून, शेजारून आणि कुरिअरवाल्याकडूनही आला. खाली समुद्रकाठच्या हर्णैला राहत असते तर मीही हेच विचारलं असतं. पण आम्ही दापोलीत, समुद्रापासून सुमारे २५० मीटर उंचीवर. इंग्रजांनी इथे छावणी टाकली ती काही उगाच नाही. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा १० अंशांच्या आसपास येतो, आणि नेमकी त्याच वेळी मी घोडीवर असते.

घोडी काठेवाडी, रंगाने कुमैत, म्हणजे तांबूस तपकिरी. कानांची टोकं आत वळून एकमेकांना टेकलेली, म्हणून येणारेजाणारे थांबून बघतात. रविवारी आम्ही दोघी आसूदचा उतार उतरून मुरुडच्या किनाऱ्यावर जातो (जंजिऱ्याचं नव्हे, आमचं मुरुड) आणि दिवस कलताना परत फिरतो. गेल्या वर्षी परतताना एका वळणावर एक गाडी आमच्यापासून चार हातांवर कचकन थांबली. गाडीवाला उतरला, घाम पुसत म्हणाला, "ताई, तुम्ही दिसलातच नाही हो." त्याला दोष कसा देणार? तपकिरी घोडी, माझा चॉकलेटी स्वेटर आणि मागे जांभ्याची कापलेली दरड. मी स्वतःला दिसले नसते.

म्हणून कोट. गरम हवा, पाणी आत न येणारा हवा आणि रंगाने डोळ्यांत खुपणारा हवा.

रंगावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. आधी नारिंगी घेणार होते, रस्त्यावर काम करणाऱ्यांच्या जाकिटासारखा. मग घरातल्या नारिंगी, राणी, पोपटी आणि लिंबू रंगाच्या चार ओढण्या त्याच वळणावर दरडीला अडकवल्या आणि नवऱ्याला शंभर पावलं लांब उभं केलं. दुपारी पाच वाजता राणी रंग पहिला आला. नारिंगी जांभ्यात मुरला, पोपटी करवंदीच्या जाळीत गेला. तिथेच निकाल लावून घरी निघालो असतो तर मी आज गुलाबी कोटात असते. पण नवरा चहा प्यायला थांबला. सव्वासहाला बघतो तर राणी रंग काळपट पडलेला आणि लिंबू ओढणी तेवढी अजून दिसत होती. अंधारू लागलं की आपल्या डोळ्यांना तांबडे रंग आधी दिसेनासे होतात, पिवळे-हिरवे त्यामानाने टिकतात. पुस्तकात वाचलेलं होतं, पण स्वतःच्या ओढण्यांवर बघितलं तेव्हा पटलं.

मग फ्लोरोसंट पिवळा घेतला. हा रंग डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण घेऊन दिसणारा उजेड बाहेर टाकतो, म्हणून ढगाळ संध्याकाळीही तो पेटल्यासारखा वाटतो. पूर्ण काळोखात मात्र त्याचा काही उपयोग नाही, कारण घ्यायला किरणच नसतात. तिथे गाडीचा उजेड आल्या वाटेने परत फेकणाऱ्या करड्या पट्ट्या लागतात. माझ्या कोटाला दंडांवर, पाठीवर आणि खालच्या घेराला अशा पट्ट्या आहेत. पाठीवरची पट्टी घ्याच. बाजारात कित्येक कोटांना ती फक्त छातीवर असते, आणि आपल्याला गाडी ठोकणार ती बहुतेक मागून.

कोट ९,२०० रुपयांना पडला. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारी आहेत. ऑनलाइन घेतला, आल्याबरोबर अंगात घातला आणि पडवीच्या कठड्यावर दोन्हीकडे पाय टाकून बसले. सासूबाई म्हणाल्या, "अगो, हा कोट की तंबू?" पण घोडेस्वारीचा कोट असाच बघायचा असतो. आरशासमोर उभं राहून काही कळत नाही. बसल्यावर पुढची चेन खालून उघडायला हवी, नाहीतर ती पोटाशी गोळा होऊन हनुवटीला टोचते. मागे मधोमध चीर हवी आणि चिरेत कापडाची जास्तीची पाकळी, म्हणजे घेर खोगिराच्या दोन्ही बाजूंना पडतो आणि खोगीर कोरडं राहतं. लगाम धरल्यासारखे हात पुढे केले तर मनगटं उघडी पडता कामा नयेत. माझी पडली, दोन बोटं. एक माप मोठा मागवायला हवा होता. आळस केला.

घोडीला कोट आवडला नाही. तिचं बघणारे काका म्हणाले, "वैनी, रंगाला बुजते ती." मला शंका होती. घोड्यांना पिवळा आणि निळा ओळखता येतो, लाल-हिरव्याचा घोळ होतो हे खरं, पण नुसत्या रंगाला ती बिचकेल असं वाटेना. कोट शांतपणे तिच्यासमोर धरला. तिने नाक लावून हुंगला, बाहीचा बंद चावून बघितला. मग बाही चुरगाळली. कापड कुरकुरलं, तशी ती चार पावलं मागे. म्हणजे भानगड आवाजाची! आठवडाभर कोट तिच्या गव्हाणीजवळ टांगून ठेवला, वाऱ्यावर वाजू दिला, तेव्हा कुठे सवय झाली. टोपीही वाऱ्याने फडफडायची, ती बटणं सोडवून काढून टाकली. हेल्मेटवरून ओढली की बाजूचं दिसत नाही आणि हेल्मेटच्या आत घातली की हेल्मेट नीट बसत नाही, मग ती ठेवून करायचं काय?

पाण्याबद्दल. लेबलवर १०,००० मिलिमीटर लिहिलंय, म्हणजे कापडावर १० मीटर उंच पाण्याचा दाब येईपर्यंत ते थेंब आत सोडत नाही. "विहिरीत उडी मारायची आहे का?" नवऱ्याने विचारलं. पण खोगिरावर बसणाऱ्याला हा आकडा लागतोच. नुसत्या पडणाऱ्या पावसाचा दाब थोडा असतो, ओल्या खोगिरावर आपण सगळं वजन टाकून बसतो तेव्हा पाणी शिवणीतून आत दाबलं जातं. म्हणून शिवणी आतून पट्टीने चिकटवलेल्या आहेत का ते आधी बघा. एका अवकाळीत मुरुडहून येताना तासभर झोडपून निघाले. बागायतदार मोहोराकडे बघून कपाळावर हात मारत होते आणि मी मनातल्या मनात खूश होते, लाज वाटली. पाठ, खांदे, बैठक कोरडी ठणठणीत. गुडघ्याखाली मात्र चिंब, कारण कोटावरचं सगळं पाणी ओघळून तिथेच येतं. आणि खिसे! झाकण आखूड असल्याने दोन्ही खिशांत पाणी साचलं. घोडीसाठी नेलेल्या गुळाचा पाक झाला.

उबेचं सांगायचं तर ती जास्तच आहे. आत पॉलिएस्टर भरलेलं अस्तर आहे, चेनने निघणारं. पिसांचं नाही ते बरं, पिसं भिजली की गोळा होतात आणि ऊब जाते. पण पहाटेची पहिली २० मिनिटं सोडली तर इथे अस्तर सोसत नाही. घोडी दुडकीला लागली की घाम फुटतो, आणि आसूद उतरून खाली आलं की हवाच बदलते. काखेत चेनी आहेत, त्या उघडल्या तरी भागेना. कोकणासाठी घेणाऱ्यांनी अस्तर न निघणारा कोट घेऊच नये.

बारीकसारीक खोड्या: मनगटांना वेल्क्रो आहे आणि डिसेंबरच्या वाळक्या गवतातून दोनदा गेलं की त्यात कुसळं भरून ते चिकटायचं बंद होतं. मी सुईने काढत बसते. खारी हवा लागून धातूची बटणं महिन्यातच हिरवी पडली. चेनी प्लॅस्टिकच्या, त्या छान चालतात.

धुताना फॅब्रिक सॉफ्टनर नको, पाणी ओघळवणारा वरचा थर त्याने बिघडतो. आणि पावसाळ्यात घडी करून ट्रंकेत ठेवू नका. माझ्या जुन्या रेनकोटाचं तेच झालं होतं. दमट हवेत आतला पॉलियुरेथेनचा लेप हळूहळू विरघळल्यासारखा होतो, चिकट होतो, मग सालपटं निघतात. हा कोट माजघरात खुंटीवर टांगलेला असतो, वारा खेळेल असा.

अस्तर आता माझ्याकडे नाही. तंबू म्हणणाऱ्या सासूबाई पहाटे तेच अंगात घालून पूजेची फुलं काढतात, आणि मागितलं की म्हणतात, "तुला कुठे एवढी थंडी वाजते?"