जॅकेट वर चढतं की पाय बुडतात?

भाड्याचं बीसीडी (स्कूबा डायव्हिंगमध्ये तरंगणं सांभाळणारं हवेचं जॅकेट) वापरणाऱ्यांनी यात पडू नये, दुसऱ्याच्या जॅकेटला सुई लावायची नसते. हे आहे स्वतःचं जॅकेट घेऊन बसलेल्यांसाठी, ज्यांना पाण्यात ते नीट झेपत नाही आणि बॅकप्लेट-विंगवर (जॅकेटऐवजी पाठीवर कडक पाटी आणि हवेची पिशवी असा संच) इतक्यात पैसे घालायचे नाहीत.

घरी करण्याजोगे उपाय दोन. एक, जांघेतून जाणारा पट्टा. दुसरा, कमरेवरचं थोडं शिसं (खाली जाण्यासाठी लावलेलं वजन) सिलिंडरच्या वरच्या पट्ट्यावर नेणं. ‘यातलं चांगलं कोणतं?’ असं सगळे विचारतात, पण ही औषधं दोन निराळ्या दुखण्यांची आहेत.

आधी एकूण वजन तपासा. टाकीत 50 बार दाब उरलेला असताना, जॅकेट पूर्ण रिकामं करून, नेहमीसारखा श्वास धरला की पाणी डोळ्यांच्या पातळीला यायला हवं. भरल्या टाकीने मोजलंत तर फसाल, कारण नेहमीच्या ॲल्युमिनियमच्या टाकीतली साधारण दोन किलो हवा डाइव्हभरात संपते. जास्तीचं शिसं म्हणजे जॅकेटमध्ये जास्तीची हवा. तारकर्ली-मालवणसारख्या उथळ पाण्यात ती फार त्रास देते: पृष्ठभागापासून 10 मीटरपर्यंत जाताना तिचं आकारमान निम्मं होतं, वर येताना तितकंच फुगतं.

मग पूलमध्ये तळापासून जरा वर आडवे व्हा, हात छातीशी, फिन स्थिर. पाय खाली जाऊ लागले तर शिशाची जागा चुकली आहे. पाय ठीक, पण वर येऊन हवा भरली की जॅकेट कानाशी येतं, तर पट्टा हवा.

शिसं हलवणं सोपं. दोन चेनच्या खिशांत किलो-किलोचे तुकडे, खिसे पट्ट्यात ओवायचे. नाही जमलं तर काढून टाका, शिवणकामच नाही. पट्टा मात्र आधी ओला करून मगच आवळा, कोरडा आवळलेला पाण्यात सैल पडतो आणि टाकी घसरते. खरी अडचण वेगळी: हे शिसं अडचणीच्या वेळी झटकन टाकता येत नाही. म्हणून सगळं वर नेऊ नका.

जांघेच्या पट्ट्याला 5 सेंटिमीटर रुंदीचा नायलॉन पट्टा लागतो. टोकं मेणबत्तीवर भाजून घ्या, शिलाई पॉलिएस्टरच्या दोऱ्याने, बॅगा शिवणाऱ्याकडून. मागचं टोक टाकीच्या खालच्या पट्ट्याला, पुढे एक फास, त्यातून जॅकेटचा कमरपट्टा. वेट बेल्ट (शिशाचा कमरपट्टा) वापरत असाल तर तो या पट्ट्याच्या वरून, सगळ्यात शेवटी बांधा. मी एकदा आतून बांधला होता. पूलमध्ये सराव म्हणून बकल सोडलं, तर बेल्ट खाली पडायचा सोडून मांड्यांमध्ये लटकून राहिला. पाणी जेमतेम छातीइतकं होतं म्हणून हसू आलं.

लोंबणाऱ्या होज (हवेच्या नळ्या) आवरायला सायकलच्या जुन्या ट्यूबचे कापलेले गोल पुरतात. हवेची पिशवी, इन्फ्लेटर (हवा भरणारा) आणि डंप व्हॉल्व्ह (हवा सोडणारा) यांना घरी हात लावू नका, ते सर्व्हिसिंगवाल्याचं काम.

माझ्या जॅकेटला आता दोन्ही आहेत. त्यातला पट्टा मी आधी शिवून घेतला, कारण तो फोटोत छान दिसतो. पाय पुढचे चार महिने तसेच बुडत होते.