शुश्रूषा आणि शोक यांचे संशोधन शिकवणारा एक दूरस्थ अभ्यासक्रम : परीक्षण

उतारवयात जोडीदाराची दीर्घकाळ शुश्रूषा करणाऱ्या माणसांचे जगणे, आणि त्या जोडीदाराच्या मृत्यूनंतरचा त्यांचा शोक, या विषयात संशोधक म्हणून उभे राहू इच्छिणाऱ्यांसाठी एका विद्यापीठाने चालवलेला दूरस्थ अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला. व्याख्याने ध्वनिमुद्रित आहेत, चर्चा ठरलेल्या वेळी थेट ऑनलाइन होते आणि शेवटी स्वतःचा संशोधन आराखडा सादर करावा लागतो. शुश्रूषेचा ताण हा आरोग्याचा विषय आणि शोक हा मानसोपचाराचा, अशी वाटणी एरवी सर्रास केलेली दिसते. येथे मात्र हे दोन्ही एकाच माणसाच्या आयुष्यातले सलग टप्पे म्हणून शिकवले जातात, आणि केवळ एवढ्यासाठीही हा अभ्यासक्रम करण्याजोगा आहे, असे माझे ठाम मत झाले.

हे सलगपण दाखवण्यासाठी शुश्रूषा करणाऱ्यांवर संशोधन करणारे रिचर्ड शुल्झ यांच्या दोन अभ्यासांची निवड केली आहे. १९९९ साली शुल्झ आणि बीच यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, जोडीदाराची शुश्रूषा करताना ताण जाणवणाऱ्या वृद्धांचा चार वर्षांतील मृत्यूचा धोका शुश्रूषा न करणाऱ्यांपेक्षा ६३ टक्क्यांनी अधिक आढळला होता. २००३ साली शुल्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची देखभाल केलेल्या २१७ कुटुंबीयांविषयी लिहिले. त्यांपैकी ७२ टक्के लोकांनी रुग्णाच्या मृत्यूने आपली सुटका झाल्यासारखे वाटल्याचे सांगितले, आणि वर्षभरात एकूणच या कुटुंबीयांच्या नैराश्याची लक्षणे शुश्रूषेच्या काळापेक्षाही कमी झाली. हे दोन निष्कर्ष शेजारी ठेवले की शोकाची सुरुवात मृत्यूच्या दिवसापासून मोजणे किती अपुरे आहे, हे कोणत्याही सिद्धांताविना कळते. सुटका वाटली म्हणजे माया कमी होती असे नव्हे, हे प्राध्यापकांनी फार जबाबदारीने समजावले. सुटका वाटल्याचे कोणी कबूल करताना मुलाखतकाराच्या चेहऱ्यावर नापसंतीची छटा जरी उमटली, तरी समोरचा माणूस पुढे काही बोलत नाही.

सर्वांत उजवा भाग मुलाखतीचा. शुश्रूषेचे ओझे मोजण्यासाठी झॅरिट यांची प्रश्नावली जगभर वापरली जाते. तिची प्रचलित आवृत्ती २२ प्रश्नांची आहे. प्रत्येक उत्तराला शून्य ते चार गुण, म्हणजे जास्तीत जास्त ८८; गुण जितके अधिक, तितके ओझे अधिक. अभ्यासक्रमात एका अभिनेत्याने साकारलेली वृद्ध पतीची मुलाखत ऐकवली जाते. ताणाविषयीच्या जवळपास प्रत्येक प्रश्नाला तो ‘नाही’ किंवा ‘क्वचित’ म्हणतो आणि गुणांच्या हिशेबात अगदी सुस्थितीत ठरतो. मग प्रश्नावली संपल्यावर, कागद आवरले जात असताना, तो सहज म्हणतो की रात्री मी तिचे मनगट धरूनच झोपतो, कारण ती उठून दाराकडे जाते. प्राध्यापक तेथे ध्वनिफीत थांबवतात आणि हे वाक्य तुमच्या विदेत (डेटामध्ये) कोठे नोंदवाल, असे विचारतात. त्यावरची चर्चा ठरलेल्या वेळेच्या बरीच पुढे गेली, आणि ती तशी जाऊ दिली गेली, याचे मला विशेष कौतुक वाटते.

सिद्धांतांचा भाग नेटका आहे. क्युब्लर-रॉस यांनी १९६९ साली मांडलेले, मृत्यूला सामोरे जाण्याचे पाच टप्पे मरणासन्न रुग्णांशी झालेल्या संवादांतून आले होते, मागे राहिलेल्यांच्या अभ्यासातून नव्हे, एवढे सांगून व्याख्यान पुढे सरकते. स्ट्रोबे आणि शुट यांनी १९९९ साली मांडलेल्या प्रतिमानाला, म्हणजे गमावल्याचे दुःख आणि बदललेल्या आयुष्याची नव्याने घडी बसवणे यांमधील ये-जा याला, अधिक जागा दिली आहे. दीर्घ शोकाच्या विकाराचे, म्हणजे काळ लोटूनही न ओसरणाऱ्या आणि रोजचे जगणे अडवणाऱ्या शोकाचे, निकष मात्र घाईने उरकले. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात किमान सहा महिन्यांची अट आहे, तर अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या २०२२ च्या नियमावलीत प्रौढांसाठी बारा महिन्यांची. त्यामुळे आठव्या महिन्यात घेतलेली एकच मुलाखत एका निकषाने विकाराची, तर दुसऱ्याने विकाराबाहेरची ठरू शकते. नव्या संशोधकाला हे पहिल्याच दिवशी ठाऊक हवे.

कारकिर्दीविषयीचे मार्गदर्शन प्रामाणिक वाटले. त्यात उदाहरण म्हणून एक दीर्घकालीन अभ्यास येतो : अमेरिकेतील डेट्रॉइट परिसरातील १,५३२ विवाहित व्यक्तींच्या मुलाखती १९८७-८८ मध्ये, म्हणजे वैधव्य येण्याआधीच, घेतल्या गेल्या आणि पुढे ज्यांचे जोडीदार वारले त्यांना मृत्यूनंतर सहा, अठरा व अठ्ठेचाळीस महिन्यांनी पुन्हा भेटले गेले. अशी वाट पाहिली म्हणूनच, शोकानंतर दिसणारे नैराश्य आधीपासूनचे होते की नव्याने आलेले, हे वेगळे काढता आले. दोन-तीन वर्षांच्या अनुदानात असे काम बसत नाही, आणि सर्वाधिक थकलेली माणसेच अभ्यासातून आधी गळतात, ही दोन्ही सत्ये येथे स्पष्ट सांगितली जातात.

उणिवाही गंभीर आहेत. उदाहरणे जवळजवळ सगळी पती-पत्नींची आहेत. म्हाताऱ्या आईची शुश्रूषा करणारी साठीतली मुलगी क्वचितच भेटते, आणि पगारी मदतनिसांच्या दुःखाला, ज्याला समाज शोक म्हणून मान्यताच देत नाही, एका परिच्छेदात आटोपले आहे. त्याहून खटकणारी गोष्ट म्हणजे वर्षानुवर्षे अशा मुलाखती ऐकणाऱ्या संशोधकाने स्वतःला कसे सांभाळावे, यासाठी फक्त एक वाचनपत्रिका दिली आहे. ज्यांच्या घरात सध्या कोणी अत्यवस्थ आहे किंवा नुकतेच कोणी गेले आहे, त्यांनी प्रवेश घेण्यापूर्वी समन्वयकांशी बोलून मुलाखतीचे सत्र नंतर करण्याची मुभा लेखी मागून घ्यावी. मागितल्यास ती मिळते, पण माहितीपत्रकात तिचा उल्लेख नाही.