टेक्ससमध्ये एलसीएसडब्ल्यू करताय? सुपरवायझरचा ‘एस’ आधी बघा

भारतातून एमएसडब्ल्यू (सोशल वर्कमधली मास्टर्स) करून टेक्ससला आलेल्या मुलींसाठी मुद्दाम लिहितेय. सीएसडब्ल्यूई या अमेरिकेतल्या सोशल वर्क शिक्षणाच्या संस्थेकडून डिग्रीचं मूल्यांकन, मग परीक्षा, मग एलएमएसडब्ल्यू, म्हणजे मास्टर्स पातळीचं लायसन्स. इथवर वेळ जातो, पण फसायला फारसा वाव नाही. खरी गोम पुढे आहे. एलसीएसडब्ल्यूसाठी, म्हणजे त्यापुढच्या क्लिनिकल लायसन्ससाठी, किमान २४ महिन्यांच्या काळात ३००० तास क्लिनिकल काम आणि १०० तास सुपरव्हिजन, म्हणजे मान्यताप्राप्त सुपरवायझरचं मार्गदर्शन, लागतं. नोकरीच्या ठिकाणी सुपरवायझर नसेल तर पदरचे पैसे घालून बाहेर शोधावा लागतो, आणि नेमके तिथेच लोक टपलेले असतात.

मला ज्या बाई भेटल्या त्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच्या ओळखीतून. इतरांपेक्षा कमी दर, वर "आपल्याच मुली गं तुम्ही, तुमच्याकडून काय जास्त घ्यायचं!" पैसे मात्र झेलनेच (बँकेतून थेट पैसे पाठवायचं अ‍ॅप). पावती मागितली की "देते गं एकदम." शिकवायच्या उत्तम, त्यामुळे तर जास्तच चीड येते. तासांच्या प्रत्येक लॉगवर निळ्या शाईत झोकदार सही, खाली लायसन्स नंबर. सगळं साग्रसंगीत.

तास भरत आले तेव्हा टेक्ससच्या सोशल वर्क बोर्डाचा फॉर्म बाईंकडे सहीसाठी पाठवला. उत्तर आलं, "त्याचे वेगळे आठशे डॉलर." मग मी लायसन्स देणाऱ्या राज्याच्या कौन्सिलच्या (टेक्सस बिहेविअरल हेल्थ एक्झिक्युटिव्ह कौन्सिल) संकेतस्थळावर त्यांचं नाव टाकलं. लायसन्स खरं, चालूही, पण नुसतं एलसीएसडब्ल्यू. सुपरव्हिजन द्यायची मान्यता असलेल्यांच्या नावापुढे एलसीएसडब्ल्यू-एस लागतं, ते नव्हतंच. बोर्डाला विचारलं, तर माझा सुपरव्हिजन प्लॅनही (कोणाच्या सुपरव्हिजनखाली काम करणार याचा आराखडा) तिकडे पोचलेला नव्हता. "मंजूर झाला बरं का," हे बाईंनी तोंडी सांगितलेलं. ते सगळे तास पाण्यात गेले. काम खरं होतं, पेशंट खरे होते, पण हिशेबात शून्य.

नाव शोधायला एक पैसा लागत नाही. प्लॅन मंजूर झाल्याचं बोर्डाचं लेखी उत्तर स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय पहिला तासही घेऊ नका. पैसे चेकने द्या. झेलने गेलेले परत मिळणं महाकठीण. आणि नोकरीच्या मुलाखतीतच बेधडक विचारा, सुपरव्हिजन तुम्ही देता का? काही हॉस्पिटलं आणि काउंटीच्या मानसिक आरोग्य संस्था ते फुकट देतात. पगार थोडा कमी असला तरी परवडतं.

कौन्सिलकडे तक्रार केली आहे; लॉग, झेलचे स्क्रीनशॉट आणि आठशे डॉलरचा तो मेसेज जोडलाय. तुमच्या सुपरवायझरचं नाव अजून शोधलं नसेल तर पुढचे पैसे पाठवण्याआधी शोधा.